लॅमिनेशन केलेला कागद चालणार नाही

सोळा जून, सोमवार. दुकान उघडून मी लॅमिनेशन मशीनचा रोलर खरवडत होते. जून महिन्यात हे काम रोजचं. शाळा-कॉलेजांचे प्रवेश सुरू असतात, मशीन दिवसभर तापलेलं असतं आणि प्लास्टिकचा चिकटा रोलरवर साचत जातो. तो काढला नाही तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या गुणपत्रिकेवर सुरकुती पडते आणि मग पोराच्या कमी मार्कांचं खापरसुद्धा माझ्यावर फुटतं. कापसाचा बोळा, थोडं स्पिरिट आणि बंद पडलेल्या एटीएम कार्डाची कड, एवढ्यावर भागतं. त्या कार्डाचा इतका चांगला उपयोग बँकेनं मला कधीच सांगितला नव्हता.

माझं दुकान नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळ, कोर्टासमोरच्या रांगेत आहे. पाटीवर लिहिलंय: 'झेरॉक्स, लॅमिनेशन, प्रतिज्ञापत्र, नावात बदल, जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी'. एकदा एक गिऱ्हाईक पाटी वाचून म्हणालं, "बाई, माणसाचं सगळं आयुष्य लिहिलंत की." मी म्हटलं, "घटस्फोट राहिला. तो समोर मिळतो."

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, असं संपादकबाई म्हणाल्या. अनुभव पुष्कळ आहेत, पण धंदा काय आहे तेच आधी सांगावं लागतं. माझ्या घरच्यांनासुद्धा तो नीट कळलेला नाही. थोडक्यात असं, की माणूस एकच असतो आणि त्याचे कागद त्याला चार-पाच माणसं करून ठेवतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं. ही सगळी माणसं एकच आहेत असं शपथेवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून घ्यायचा. याला आमच्याकडे 'वन अँड सेम' म्हणतात. लोक वडापाव मागावा तसं मागतात. "ताई, एक वन अँड सेम द्या लवकर, बस सुटंल." नाव कायमचंच बदलायचं असेल तर सरकारी राजपत्रात छापून आणावं लागतं. ते थोडं लांबचं काम.

नांदगावहून एक आजोबा आले होते. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी त्यांचं नाव दगडू ठेवलेलं. सत्तरीनंतर त्यांना देवेंद्र व्हायचं होतं. मी विचारलं, "आता कशाला?"

"नातीचं लग्न हाय. पत्रिकेत आजोबा दगडू बरं दिसत नाय."

राजपत्रात नाव आलं, पत्रिकेतही आलं. लग्नानंतर आजोबा मुद्दाम सांगायला आले, की मांडवात सगळे 'दगडूतात्या, जेवून घ्या' असंच म्हणत होते. त्यांची तक्रार नव्हती. नुसतं सांगायला आले होते.

मालेगावचा एक विणकर आखातात नोकरीला निघाला होता. त्याच्या पासपोर्टवर नावाआधी इंग्रजीत 'एमडी' होतं. ते मोहम्मदचं छोटं रूप, पण तिकडच्या कुणीतरी त्याला डॉक्टर समजलं. "बाजी, वो लोग मुझे दवाखाने में भेज रहे हैं. मैं तो लूमवाला हूँ." मी त्याचा पूर्ण मोहम्मद करून दिला. दारातून परत वळून तो म्हणाला, "पहले पगार पूछ लेना चाहिए था."

पण माझं पोट खरं भरतं ते नवऱ्यांवर. हे 'नवरी'चं अनेकवचन आहे, गैरसमज नको. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. आडनाव बदलतंच, वर नावही. सगळे टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात होतो आणि नाव मात्र बाई आयुष्यभर निस्तरत बसते. मी माहेरची कुंदा. ताटात शुभांगी झाले. माझे कागद मीच जुळवले, तेव्हा या धंद्याची गोडी लागली.

दुकानात काउंटरच्या मागे एक सूचना लावली आहे: 'मूळ कागदाचे लॅमिनेशन करू नये. लॅमिनेशन केलेला कागद चालणार नाही.' लॅमिनेशन करणाऱ्या दुकानात अशी सूचना लावणारी मी नाशिकमधली एकटीच असेन. पण त्याला कारण आहे. परदेशी जाणाऱ्या कागदावर सरकारला शिक्का मारावा लागतो, मागे स्टिकर चिकटवावं लागतं. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, आणि आतला कागद खरा की झेरॉक्स हे साहेबाला कळत नाही. मग तो कागद बाद. लोकांना हे पटत नाही. आपल्याकडे लॅमिनेशन म्हणजे माया. जो कागद सगळ्यात जिवाचा, त्यालाच माणूस आधी प्लास्टिकमध्ये घालतो आणि कायमचा निकामी करून टाकतो.

तर त्या सोमवारी रोलर खरवडत असताना तीन माणसं आत आली. पुढे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी, मागे तिचे वडील, आणि दोघांच्या मधोमध, दोन पोलिसांमध्ये आरोपी आणावा तशी, एक आजी. मुलगी म्हणजे आदिती. ती फिजिओथेरपिस्ट, इथल्याच एका खाजगी दवाखान्यात नोकरीला.

"काकू, आजीला पोर्तुगीज करायचंय," ती म्हणाली.

"का? काय केलं त्यांनी?"

आजी हसल्या. बाकीचे दोघं हसले नाहीत. तेव्हाच मी ओळखलं, की या कामात माझं कुणाशी जमणार आहे.

प्रकरण असं होतं. आजींचा जन्म गोव्यातला, डिचोलीकडच्या एका खेड्यातला, पोर्तुगिजांच्या राज्यातला. पोर्तुगीज गेले, पण जाताना आपला कायदा घेऊन गेले, आणि त्या कायद्याप्रमाणे गोवा-दमण-दीवमध्ये त्यांच्या काळात जन्मलेला माणूस अजूनही त्यांचा. त्यानं लिस्बनमध्ये जन्माची नोंद करून घेतली की झालं. मग त्याच्या मुलाची नोंद होते, मग नातवंडाची. जिनाच तो. पहिली पायरी आजी, दुसरी विनायकराव म्हणजे आदितीचे वडील, आणि वर आदिती, हातात युरोपचा पासपोर्ट. तिची एक गोव्याची मैत्रीण याच जिन्यानं चढून तिकडे पोचली होती आणि चांगली रुळली होती. आदितीचा जर्मनीचा व्हिसा एकदा नाकारला गेला होता. तिच्या दृष्टीनं हीच एक वाट उरली होती, आणि ती वाट आजीच्या सहीतून जात होती.

विनायकराव नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मला सुनावलं, "मॅडम, मी उभी नोकरी देशाचे पासपोर्ट छापण्यात काढली. स्वतःचा काढला नाही, कारण कुठं जायचंच नव्हतं. आता पहिला पासपोर्ट काढायचा तो पोर्तुगालचा?"

"बाबा, तुम्हाला पासपोर्ट काढायचाच नाहीये. नुसती नोंद."

"नुसती नोंद म्हणजे काय? हळदीकुंकवाचं बोलावणं आहे ते?" मग माझ्याकडे वळून, "आमचे वडील गोव्याच्या सत्याग्रहाला गेले होते, मॅडम. सरहद्दीवर बंदुकीच्या दस्त्यानं मार खाल्ला. मरेपर्यंत डावा पाय ओढत चालायचे. आणि आम्ही त्यांच्याच दारात अर्ज घेऊन उभं राहायचं?"

"आजोबांनी त्यांना हाकललं, मी त्यांच्याकडून भरपाई घेतेय," आदिती म्हणाली. ही मुलगी मला आवडायला लागली होती.

मी कच्चा मसुदा लिहायला घेतला. आजींच्या आधारवर नाव मुक्ता. गोव्याहून आदितीनं मागवलेल्या जन्मदाखल्यावर शेवंती. म्हणजे वन अँड सेम आलंच. मी सवयीनं लिहिलं, 'नाव बदलण्याचे कारण: विवाह'.

आजी माझ्या हाताकडे बघत होत्या. "विवाह नको लिहूस गो. विवाहानं आडनाव बदललं. नावाचं कारण वेगळं."

मग त्यांनी सांगितलं. सरहद्दीवर मार खाऊन पडलेल्या त्या नाशिकच्या तरुणाला ज्यानं पाठीवर टाकून मागे आणलं, तो आजींचा थोरला भाऊ. गोवा सुटल्यावर तो तरुण, आता मास्तर झालेला, मित्राला भेटायला म्हणून गावी गेला आणि त्याच्या बहिणीला मागणी घालून आला. "गोवा सोडवायला गेलो आणि बायको सोडवून आणली," असं तो आयुष्यभर सांगायचा. नाशिकला लग्न लागलं. ताटात तांदूळ आले. मास्तरांनी अंगठी घेतली आणि लिहिलं, 'मुक्ता'. गोवा मुक्त झाला म्हणून.

"काय टाळ्या पडल्या!" आजी म्हणाल्या. "एकानं उठून भाषणसुद्धा केलं. मला वाटलं, लग्न गोव्याचंच चाललंय. नवरी मी होते."

"मग कारण काय लिहू?"

"खरं तेच लिही. पोर्तुगिजांचं राज्य गेलं, त्या आनंदात नवऱ्यानं नाव बदललं."

"आजी, हा कागद लिस्बनला जाणारे!" आदिती ओरडली.

"म्हणून तर."

विनायकराव त्या दिवशी पहिल्यांदा हसले. मी आमच्या नोटरीकडे, भालेराव वकिलांकडे मसुदा नेला. त्यांचं टेबल बाहेरच झाडाखाली असतं. त्यांनी चष्मा वर करून वाचला, परत वाचला, आणि म्हणाले, "शपथेवर खोटं लिहायचं नसतं. राहू द्या." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी शिक्क्याचे पैसे घेतानाही पाहिलेला नाही.

आजी माझ्यामागोमाग आल्याच होत्या, त्यांच्यामागे आदिती. त्यांनी वकिलांना विचारलं, "ही नोंद केली तर माझं मत राहील का?"

हा प्रश्न साधा नव्हता. आपला कायदा म्हणतो, तुम्ही स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की इथलं गेलं. पण लिस्बनमध्ये नुसती जन्माची नोंद करणं म्हणजे नागरिकत्व घेणं का? गोव्यात यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे, उमेदवार एकमेकांच्या नोंदी उकरून काढतात. भालेराव म्हणाले, "एक मत असं, की नोंद केलीत म्हणजे तुम्ही त्यांचे झालात. दुसरं असं, की जन्मानं जे होतंच ते नुसतं कागदावर आलं, तुम्ही नवीन काही घेतलं नाही."

"आणि तुमचं मत?"

"मी नोटरी आहे, आजी. मी शिक्का मारतो."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांगता येत नाही. राहील असं तुम्हाला कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका." आदितीनं माझ्याकडे असं बघितलं, की मी तिच्या पायाखालची शिडी काढून घेतली आहे. काढून घेतली नव्हती. हलते आहे एवढं सांगितलं होतं. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल, पण पुढे येऊन भांडता कामा नये, हा माझा नियम आहे.

त्याच आठवड्यात प्रतिज्ञापत्रावर सही करायला तिघं पुन्हा आली. नाव बदलल्याचं कारण जसंच्या तसं टाइप केलं होतं. आजींनी ते मोठ्यानं वाचून घेतलं आणि पेन हातात घेतलं. खाली दोन सह्या हव्या होत्या, एक आत्ताच्या नावाची आणि एक जन्मनावाची. पहिली सही झाली. दुसऱ्या जागीही त्यांनी 'मुक्ता'च लिहिलं. कागद बाद. दुसरा काढला. पुन्हा तेच. हाताला शेवंती येतच नव्हती. मी त्यांना झेरॉक्सचे वाया गेलेले कागद दिले आणि म्हटलं, "सराव करा." एखादी पहिलीतली मुलगी बसते तशा त्या बाकावर बसून लिहीत राहिल्या. शेवंती, शेवंती, शेवंती. 'शे'ची मात्रा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. मग तिसऱ्या कागदावर ती सही झाली. भालेरावांनी शिक्का मारला.

"आता हा लिस्बनचा अर्ज," आदिती म्हणाली आणि तिनं तो आजींच्या पुढे सरकवला. "इथं फक्त एक सही. शेवंतीची."

आजींनी पेनाला टोपण लावलं.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "जन्मले तेव्हा मी पोर्तुगीज. मला कुणी विचारलं होतं? नाही. मग एका सकाळी आम्ही सगळे भारतीय झालो."

"तेव्हा नको असेल त्यांनी ठरलेल्या मुदतीत लेखी कळवायचं होतं, आई," विनायकराव म्हणाले. त्यांनी घरी सगळं वाचून काढलं होतं.

"आमच्या गावात ते सांगायला कोण आलं होतं? आणि आलं असतं तरी मी काय नको म्हणणार होते? झालं ते चांगलंच झालं. पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. मग लग्न झालं. ताटात नाव लिहिलं. चांगलं नाव. तेही विचारलं नाही. आज पहिल्यांदा तुम्ही माझ्यापुढे कागद ठेवून विचारताय, सही करतेस का म्हणून." त्यांनी टोपण लावलेलं पेन काउंटरवर ठेवलं. "तर मी नाही म्हणून बघू?"

"बघू म्हणजे?" आदिती म्हणाली.

"कसं वाटतं ते."

दुकानात झेरॉक्ससाठी उभं असलेलं गिऱ्हाईक मशीनचं झाकण धरून तसंच उभं राहिलं. आदितीला वाटलं, आजी थट्टा करते आहे. मलाही वाटलं. पण अर्ज सहीशिवायच घरी गेला.

पुढचे पाच-सहा आठवडे त्या घरातला एकेक जण माझ्या दुकानात येऊन गेला. मी काही करू शकत नव्हते. पण माणसाला मन मोकळं करायला काउंटर लागतो, आणि माझ्याकडे तो होता.

आधी विनायकराव आले. "मॅडम, आईला समजवा."

"तुम्हीच तर विरोधात होतात!"

"होतो ना." ते स्टुलावर टेकले. "माझा हिशोब असा होता, की मी नाही म्हणायचं, पोरगी रडेल, आई मला दटावेल, आणि मग आईच्या शब्दासाठी म्हणून मी हो म्हणायचं. वडिलांचाही मान राहिला, पोरीचंही काम झालं. आता आईच नाही म्हणाली, तर मी कुणाच्या शब्दासाठी हो म्हणू?"

इतका प्रामाणिक देशभक्त माझ्या पाहण्यात दुसरा नाही. मी त्यांना चहा मागवला.

मग एका दुपारी आदिती एकटी आली. इकडचं तिकडचं बोलली. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, समजा, आजी... म्हणजे नंतर... तिच्यामागे करता येतं का हे?"

"येतं असं ऐकलंय. पण हे वाक्य घरी बोलू नकोस."

"बोलले."

"मग?"

"म्हणाली, 'असं का? मग मी शंभरी गाठते.'" ती हसायला लागली आणि हसता हसता रडायलाच लागली. "मला तसं म्हणायचं नव्हतं. पण मी काय करू? माझ्याबरोबरच्या सगळ्या गेल्या. मी रोज तेच गुडघे, तेच खांदे. माझी सगळी वाट एका सहीवर अडलीये, आणि ती रोज माझ्या ताटात पोळी वाढते आणि म्हणते, 'अजून नाहीच म्हणतेय हं, बरं वाटतंय.'"

मी पाण्याची बाटली पुढे केली आणि शेजारच्या गिऱ्हाइकाचं आधारकार्ड झेरॉक्सला लावलं. रडणाऱ्या माणसाकडे बघत बसू नये, त्याला उगाच जबाबदारी वाटते. पण एक कबूल करते, त्या दिवशी मला आजींचा राग आला होता. म्हातारपणी हट्ट करायचा तर पुरणपोळीसाठी करावा. एका मुलीच्या आयुष्यावर कशाला?

ऑगस्ट लागला. एका बुधवारी भर दुपारी दारात रिक्षा थांबली आणि आजी एकट्याच उतरल्या. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "थांब रे, जास्त वेळ नाही लागायचा." आत येऊन त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. फाइलमध्ये दोनच कागद होते, गोव्याचा जन्मदाखला आणि ते प्रतिज्ञापत्र.

"लॅमिनेशन करून दे," त्या म्हणाल्या.

मी मागच्या सूचनेकडे बोट दाखवलं.

"वाचलंय. पहिल्या दिवशीच वाचलं होतं."

"आजी, लॅमिनेशन केलं की हे कुठेच चालणार नाहीत. लिस्बन सोडाच, इथल्या तलाठ्याकडेसुद्धा नाही."

"भिंतीवर चालतील ना?"

मी फाइल तशीच धरून ठेवली. "आदितीला सांगितलंत?"

"काल रात्री जेवताना सांगितलं. म्हटलं, 'तुला जायचं तर जा. मी अडवत नाही. पण तुझ्या नावानं जा, तुझ्या डिग्रीवर जा. माझ्या खांद्यावर पाय ठेवून चढणार, तर खांदा कुणाचा, शेवंतीचा की मुक्ताचा, ते मला आधी ठरवू दे.'"

"काय म्हणाली?"

"ताट उचलून आत गेली." आजींनी पदरानं मान पुसली. "येईल. माझीच नात आहे."

"दुसरी प्रत मिळते गोव्याहून," मी म्हटलं. माझ्या कामाचा भाग म्हणून सांगणं भाग होतं. "ही बाद झाली तरी आदिती पुन्हा मागवू शकते."

"मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. तिला मागवायची तर मागवू दे, माझ्या देखत किंवा माझ्यामागे. पण ही माझी. अख्ख्या जन्मात माझी दोन्ही नावं एका कागदावर पहिल्यांदा आली आहेत, आणि का बदललं तेही खरं खरं लिहिलंय, वर सरकारी शिक्का. हा कागद मी परदेशात पाठवू?"

मी रोलर पुन्हा एकदा पुसून घेतला, कापसावर जास्तीचं स्पिरिट घेऊन.

"सुरकुती येणार नाही ना?" आजी.

"नाही येणार."

"माझ्या आहेत तेवढ्या पुरेत."

त्यांनी दोन्ही कागद पाठीला पाठ लावून एकाच पाऊचमध्ये घालायला लावले. वर भोक पाडून दोरा ओवायला लावला. एका बाजूला जन्मदाखल्यावरची नुसती शेवंती, दुसऱ्या बाजूला दोघी. "मास्तरांच्या फोटोशेजारी टांगीन," त्या म्हणाल्या. "त्यांच्याशी भांडण झालं की शेवंतीची बाजू पुढे करीन."

"मास्तर जाऊन दहा वर्षं झाली ना, आजी?"

"म्हणून काय भांडण संपलं?"

मशीनमधून कागद सरकत सरकत बाहेर आला. गरम, सपाट, आरपार चकचकीत. माझ्या हातून इतकं स्वच्छ लॅमिनेशन क्वचित झालं असेल. जगातल्या कुठल्याही कचेरीत आता त्याला किंमत नव्हती. आजींनी तो रुमालात गुंडाळला, पिशवीत उभा ठेवला आणि रिक्षात बसल्या.

एवढं लिहून झाल्यावर खरं तर आदितीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. तिनं कॉलेज रोडला जर्मनचा क्लास लावला. पहिली परीक्षा पास झाली, दुसरीची तयारी चालू आहे, व्हिसासाठी पुन्हा अर्ज करणार आहे. मिळेल की नाही, सांगता येत नाही. माझ्या दुकानावरून स्कूटर नेते तेव्हा मान हलवते, थांबत नाही. मला त्याचं थोडं वाईट वाटतं. गोव्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मागवायला ती अजून आलेली नाही. आली तर मी मागवून देईन. आजींनाही ते माहीत आहे.

पण मला सांगायचं होतं ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

गुरुवारी दुकान उघडलं तर पायरीवर तिघं वाट बघत बसलेली. सिन्नरचा मुलगा, त्याची आई आणि नवी नवरी. हातांवरची मेंदी अजून गेली नव्हती. आईनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. फोटोत ताट, ताटात तांदूळ, तांदळात 'आराध्या'.

"राजपत्रात टाकायचंय, ताई. पहिलं नाव कविता हाय. आता आराध्या."

हे काम मी डोळे मिटून करते. जुनं नाव, नवं नाव, कारण विवाह. पेन उचललंसुद्धा होतं. मग मी खाली ठेवलं, उठले, आणि माझी खुर्ची काउंटरच्या बाहेर नेऊन त्या मुलीसमोर ठेवून बसले.

"तुला कुठलं हवंय?"

मुलीनं सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "तिला काय इचारताय? ताटात लिवलंय की!"

"ताटानं सही करायची नाहीये. हिनं करायचीय."

मुलीनं बांगड्या मागे सारल्या. मग एकदम म्हणाली, "आडनाव ह्यांचंच लावते. पण नाव माझंच राहू द्या. एमआयडीसीत कंपनीच्या कार्डावर कविताच हाय. तिथं समदे मला कविता म्हनूनच हाका मारत्यात, लाईनवर दुसरं नाव घेतलं तर मी वळून बी नाय बघायची."

"मला बी कविताच आवडतं," नवरा पुटपुटला. "आराध्या आईनं काढलं."

आईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं याचंच नाव आता बदलावं लागणार. मग ती बिचारी म्हणाली, "मंग त्या ताटातल्या तांदळाचं काय?"

"त्याचा भात झाला ना?"

"झाला."

"मग झालं तर."

नुसत्या आडनावाचे कागद करून दिले, त्यांना सिन्नरची बस गाठून दिली. राजपत्राचं एक मोठं काम हातचं गेलं. मी खुर्ची परत आत घेतली, कापसावर स्पिरिट घेतलं आणि रोलर पुसायला बसले.